बिनपोळीचे दिवस आणि काकाजींची झोतभट्टी

आमच्या घरी एकदा सतरा दिवस पोळी झाली नाही. गहू होते, कणीक होती, लाटणं होतं, आईच्या हातात बळ होतं. नव्हता तो फक्त तवा. आणि तवा का नव्हता, हे त्या घरात फक्त मला आणि काकाजींना ठाऊक होतं. आज माझ्या स्वयंपाकघरात तीन तवे आहेत, त्यातल्या एकाला तर काही चिकटतच नाही म्हणतात, तरी सकाळची पहिली पोळी टाकताना मला ते दिवस आठवतात आणि मी एकटीच हसते. सून विचारते, "काय झालं, आई?" मी म्हणते, काही नाही. त्या 'काही नाही'त काय काय आहे ते इथे लिहून ठेवते. ही वही गव्हाच्या कोठीमागे असते. तिथे माझ्याशिवाय कुणी हात घालत नाही.

नागपुरातली आमची गल्ली अरुंद होती आणि तिच्या तोंडाशी सरकारी नळ होता. नळाभोवती थोडी मोकळी जागा, तिथे एक कडुनिंब. पहाटे आधी गिरणीचा भोंगा व्हायचा, मग नळावर बादल्यांचा खणखणाट, मग मागच्या आळीतल्या हातमागांचा खटखटाट सुरू व्हायचा तो दिवेलागणीपर्यंत. या सगळ्या आवाजांत एक आवाज कधीच नसायचा, तो माझा. मी इतकी बुजरी होते की नवीन भाडेकरू मला मुकीच समजायचे. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती काही गरिबीमुळे नाही. पाचवीचा वर्ग दूरच्या शाळेत होता, आणि नव्या गुरुजींनी नाव विचारलं तेव्हा माझी जी दातखीळ बसली ती घरी येईपर्यंत सुटली नाही. तशी चार वर्षांत मी वर्गात 'हजर' सोडून काही बोललेच नव्हते, आणि तेही पुष्कळदा शेजारची मुलगी माझ्या वतीनं म्हणायची. आई म्हणायची, "या पोरीच्या लग्नात उखाणाही मलेच घ्यावा लागते का काय!"

घरात बोलणारे मात्र भरपूर होते. बाबा गिरणीत कामाला. यंत्रांच्या गोंगाटात राहून त्यांना घरीही ओरडून बोलायची सवय लागलेली, त्यामुळे ते मीठ मागायचे तरी गल्लीला वाटायचं भांडण झालं. बाबांची आत्या, जिला सगळे आत्याबाई म्हणत, ती दारातल्या खाटेवर बसून आल्यागेल्याला तिथी, वार आणि त्या वारी काय करू नये ते सांगायची. आणि बाबांचे धाकटे भाऊ वसंता, माझे काकाजी. काकाजी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायच्या कामावर होते. नळ्या धुता धुता ते दाराआडून सरांची व्याख्यानं ऐकायचे. त्यामुळे त्यांना प्रत्येक विषयाचा अर्धा भाग पक्का ठाऊक होता. उरलेला अर्धा नळ सुरू असल्यामुळे ऐकू यायचा नाही. शाळा सुटल्यावर माझं जे काही शिकणं झालं ते या अर्ध्या भागावर झालं, आणि ते मला कमी कधी वाटलं नाही. काकाजींशी मी बोलायची. फार नाही, पण बोलायची. त्यांनीच मला एका मोडक्या रेडिओतला लोहचुंबक दिला होता. तो मी सागरगोट्यांच्या पिशवीत ठेवायची आणि घरातल्या एकेका वस्तूला लावून बघायची.

आता तव्याचं. आईचा तवा बिडाचा होता, तिच्या आईनं सावनेरहून तिच्या लग्नात दिलेला. जड, काळा, आणि इतका मुरलेला की त्यावर पोळी आपोआप फुगते असं आई सांगायची. एक दिवस काकाजींनी मला सांगितलं की आपले दौलतजी लोहार कुऱ्हाडीचं पातं लाल करून पाण्यात बुडवतात, त्याला पाणी पाजणं म्हणतात, आणि त्यानं लोखंड कणखर होतं. माझ्या मनात आलं, आईच्या तव्याला इतकी वर्षं झाली, त्याला कुणी कधी पाणी पाजलेलं नाही. दुपारी आई हळदीकुंकवाला गेली होती. मी चुलीत लाकडं सारली, तवा तापू दिला, चांगला तापू दिला, आणि माठातलं गार पाणी तांब्याभर त्याच्यावर ओतलं.

टण्ण असा आवाज झाला. तव्याचे तीन तुकडे झाले. अंगणातून काकाजी धावत आले, त्यांनी तव्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तेवढ्यात दारात आई उभी. मी तांब्या परकरामागे लपवला. काकाजी एकदा खाकरले आणि म्हणाले, "वहिनी, माह्या हातून झालं. प्रयोग करून राहिलो होतो."

आईनं लगेच विश्वास ठेवला. ठेवण्यासारखंच होतं. त्याच्या आधीच्या महिन्यात दह्यातून लोणी लवकर निघावं म्हणून त्यांनी रवी सायकलच्या चाकाला जोडली होती आणि आमच्या भिंतीवर बरेच दिवस ताक होतं. पण या वेळी आई रागावली नाही, हेच वाईट झालं. तिनं तुकडे गोळा केले, जुन्या लुगड्यात बांधले आणि आपल्या पेटीत ठेवले. मग शांतपणे म्हणाली, "आता या घरात पोळी त्याच दिवशी होईल, ज्या दिवशी माह्या मायच्या तोलाचा तवा या चुलीवर चढेल."

बाबा ओरडून म्हणाले, "उद्याच आणतो न मी बाजारातून!"

"बाजारातून तर कोणीही आणते. ज्यानं फोडला त्यानं द्यावा."

"मी देतो," काकाजी म्हणाले. "अन् बाजारातून नाही. दगडातून लोखंड काढतो अन् त्याचा तवा करून देतो. नाहीच जमलं, तर ट्रंक उचलतो अन् कॉलेजमागच्या खोलीत राहायले जातो. मग तिथं एकटा फोडीन काय फोडायचं ते."

सगळे हसले. मी हसले नाही. कारण काकाजी बोलले की करतात हे मला माहीत होतं, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी खाटेखालची ट्रंक ओढून तिच्यात दोन सदरे घडी करून ठेवलेले मी पाहिले. तवा मी फोडला होता आणि घरातून जाणार होते काकाजी. एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. मी रोज ते वाक्य घेऊन उठायची आणि रोज तेच घेऊन झोपायची.

जेवणाचं म्हणाल तर आम्ही उपाशी नव्हतो. आई भात करायची, चून म्हणजे पिठलं करायची, वांग्याची भाजी करायची आणि अधूनमधून गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजायची, कारण रोडग्याला तवा लागत नाही. रोडगे कुणाला आवडत नाहीत? पण चौथ्या वेळी तेही घशात अडकायला लागले. बाबा तर पोळीच्या आठवणीनं झुरायला लागले. संध्याकाळी शेजारच्या घरी पोळ्या सुरू झाल्या की ते नेमके कुंपणाशी जाऊन उभे राहायचे आणि शेजाऱ्यांना हवापाणी विचारायचे, नाक मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. आत्याबाई म्हणायची, "मेल्या, वासानं पोट भरते काय? तुह्या भावानं आता दगडातून लोखंड काढावं, त्याचा तवा व्हावा, मग तुले पोळी. तोवर गहूही म्हातारे होतील."

काकाजींनी रद्दीतून एक जुनं विज्ञानाचं पुस्तक आणलं. त्यात झोतभट्टीचा धडा होता, आणि चित्र होतं: वर निमुळता, मध्ये फुगलेला, खाली पुन्हा आवळलेला असा एक उंच माठच जणू. रोज दिवेलागणीला मी तो धडा अक्षर लावत लावत वाचायची आणि काकाजी ऐकायचे. म्हणजे ऐकायला बसायचे. एका वाक्यानंतर त्यांच्यानं राहवायचं नाही आणि ते समजावून सांगायला लागायचे.

"हे पाहा सुमे, खनिज म्हणजे काय? लोखंड अन् प्राणवायू यांचं लगीन लागलेलं आहे. दोघं एकमेकाले सोडत नाहीत, म्हणून तो दगड. आता खालून गरम हवेचा झोत मारला की कोक, म्हणजे भाजलेला कोळसा, पेटते. त्याचा वायू तयार होते. हा वायू अर्धपोटी असते, त्याले आणखी प्राणवायू पाहिजे. तो वर चढते अन् दगडातल्या प्राणवायूले फूस लावून पळवून नेते. मागे राहिलं कोण? एकटं लोखंड!"

"वसंत्या," आत्याबाई खाटेवरून म्हणायची, "तरण्याताठ्या पोरीले हे असलं शिकवतं? दुसऱ्याचं माणूस पळवून न्यायचं?"

"शास्त्र आहे न आत्याबाई. अन् चुनखडी कशाले टाकतात? दगडात वाळू राहते, माती राहते. चुनखडी ती सारी घाण आपल्या अंगावर घेते. तिची मळी होते. चुनखडी म्हणजे समजा या भट्टीची मोठी सून."

आतून आईचा आवाज आला, "मग त्या पुस्तकात तिचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं आहे का?"

मी पाहिलं. लोखंडाचं होतं. चुनखडीचं नव्हतं. मी पान उलटलं.

असं होता होता धड्याचा शेवटचा परिच्छेद काकाजींनी कधी ऐकलाच नाही. तिथे येईपर्यंत जेवायची हाक यायची किंवा त्यांना लग्नाचा दृष्टांत पुन्हा सांगावासा वाटायचा. तो परिच्छेद मी एकटीनं वाचला, दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं की मळी हलकी असते, ती वर तरंगते. ती वरच्या छिद्रातून काढतात. लोखंड जड, ते तळाशी जमतं. ते खालच्या छिद्रातून काढतात. दोन छिद्रं. चित्रातही दोन होती.

काकाजींनी अंगणात भट्टी बांधायला घेतली ती माती, भाताचा कोंडा आणि फुटक्या विटांची. माझ्या हनुवटीपर्यंत उंच. कोक लाकडाच्या टालीवर, म्हणजे वखारीत मिळाला, चुनखडी चुन्याच्या भट्टीवाल्याकडून आली. खनिज चंद्रपूरकडून येणाऱ्या एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं पोत्यात घालून आणून टाकलं. तांबडे-काळे, हातात धरले की मनगट वाकवणारे दगड. मी आणि काकाजींनी ते वरवंट्यानं फोडले. आमचे हात कोपरापर्यंत तांबडे व्हायचे आणि आत्याबाई विचारायची, मेंदी कुणाच्या लग्नाची? प्रश्न राहिला झोताचा. तो दौलतजींकडे होता. दौलतजी म्हणजे दोन गल्ल्या सोडून दुकान असलेले लोहार, बोलायला माझ्यासारखेच, म्हणजे न बोलणारे. त्यांच्याकडे हातानं फिरवायचा लोखंडी भाता होता, गोल, पंख्यासारखा. मागितला तर म्हणाले, "शनिवारी न्या. शनिवारी माह्यं दुकान बंद राहते."

त्यांचं दुकान शनिवारी का बंद, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. शनिवारी लोखंड घेत नाहीत आणि घरी आणतही नाहीत. साडेसाती मागे लागते. गिऱ्हाईकच नाही तर दुकान उघडून काय करणार? म्हणजे झोत मिळणार तो नेमका त्याच दिवशी, ज्या दिवशी घरात लोखंड येता कामा नये.

आत्याबाई खाटेवर उठूनच बसली. "शनिवारी लोखंड? या घरात? मी जिवंत आहे अजून."

"आणून नाही राहिलो आत्याबाई, करून राहिलो," काकाजी म्हणाले. "आणू नये म्हणतात. तयार होऊ नये असं कुठं सांगितलं आहे?"

"अन् आपल्या अंगणातच होईल ते?"

"हौ. अंगण म्हणजे काही घर नाही."

"बाई अंगणात बाळंत झाली म्हणून लेकरू घरचं नसते काय रे?"

यावर शास्त्र शोधायला काकाजी पुस्तक चाळू लागले. बाबा दोन दिवस ओरडून दोन्ही बाजू मांडत राहिले. शेवटी असं ठरलं की भट्टी आमच्या हद्दीत नको, नळाजवळच्या कडुनिंबाखाली हलवायची. शनिवारी जे काय निघेल ते तिथंच राहील, आणि रविवारी सूर्य उगवल्यावर त्याचा रीतसर गृहप्रवेश होईल. भट्टी ओली होती तोवरच सहा माणसांनी खालून फळी घालून ती नळापर्यंत नेली. आत्याबाई मागून चालत होती, कारण कुणाचं लक्ष नसताना भट्टी परत घरात येईल अशी तिला शंका होती. नळाजवळ टेकवल्यावर काकाजींनी भट्टीला छिद्र पाडलं. एक, मधोमध. भात्याची नळी बसवायला मागून आणखी एक, पण लोखंड बाहेर यायला एकच, आणि तेही तळापासून बरंच वर.

मी त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली. "काकाजी, दोन..."

"दोन दिवसांत वाळते, काळजी नको करू," ते म्हणाले आणि मातीचा गारा कालवायला गेले. मी पुन्हा ओढायला हवी होती. आजूबाजूला पाच-सहा माणसं होती.

शनिवार उजाडला. दौलतजींचा भाता हातानं फिरवून काकाजींचे खांदे गेले असते, म्हणून त्यांनी तो सायकलला जोडला. सायकल स्टँडवर चढवली, मागच्या चाकावरून पट्टा घेतला, आणि पायडल मारलं की भट्टीच्या पोटात भऽऽर असा वारा घुसायचा. वरून आम्ही टोपलीनं थर द्यायचो, एक थर कोक, एक थर दगड, मूठभर चुनखडी, पुन्हा कोक. थर खाली बसायचे, आम्ही वरून भरायचो. तिचं तोंड कधी मिटायचंच नाही. आई दारातूनच म्हणाली, "घरच्या माणसांले एवढ्या आग्रहानं कोणी वाढलं नाही." सकाळी काकाजींनी सायकल मारली. मग गल्लीतल्या माणसांनी पाळीपाळीनं मारली. मग बाबा कामावरून आले, त्यांनी विचारलं, "याच्यातून तवा निघणार न नक्की?" आणि धोतराचा काचा मारून ते जे सायकलवर बसले ते कुणालाही पाळी देईनात. जागेवरची सायकल ते अशी हाणत होते जणू पुढे कुठेतरी गरम पोळी वाट पाहत आहे. नळावर पाणी भरायला आलेल्या बाया बादल्या तशाच ठेवून बघत उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, "भाऊ कुठं निघाले?" बाबा ओरडले, "सावनेरले!"

ऊन उतरायला लागलं तेव्हा काकाजींनी सळईनं ते छिद्र फोडलं. आतून लाल-नारिंगी धार आली, मधासारखी, हळू आणि जाड. सगळी गल्ली ओरडली. काकाजींनी आधीच वाळूत परातीएवढा खळगा करून ठेवला होता, गोल, थोडा खोल, अगदी आजीच्या तव्याच्या मापाचा. धार त्यात शिरली, भरली आणि थांबली. काकाजींच्या डोळ्यांत पाणी होतं, ते धुरानंही असेल. त्यांनी त्या चकतीवर गरम राख लोटली, रोडगा दाबतात तशी, आणि म्हणाले, "सकाळपर्यंत कोणी हात नाही लावायचा." मी छिद्राकडे पाहत होते. वरचं छिद्र. वरून निघते ती मळी.  माझ्याभोवती तीस-चाळीस माणसं होती आणि सगळी आनंदात होती. मी रिकामी टोपली उचलून घराकडे वळले.

सकाळी पहिल्या बादलीला मीच गेले. परकराच्या खिशात लोहचुंबक होता. रात्री कुणी तरी उरलेल्या कोकासाठी भट्टीचं पोट फोडून टाकलं होतं आणि तळाशी चिकटलेला एक वेडावाकडा, खडबडीत, वाळल्या शेणासारखा दिसणारा गोळा बाहेर काढून नळाखाली बादली टेकवायला ठेवला होता. मी आधी राखेतल्या तव्याला चुंबक लावला. घसरून पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. मग त्या गोळ्याला लावला. टक्क करून बसला, ओढला तरी सुटेना. ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं ते लोखंड नळाखाली बादली धरून बसलं होतं.

मी धावत घरी आले तर घर भरलेलं. आत्याबाईनं आरतीचं ताट केलं होतं. काकाजी आंघोळ करून, नवा सदरा घालून, राखेतला तो तवा उचलून, दोन्ही हातांत धरून माझ्या पाठोपाठ गल्लीतून येत होते. काय सुंदर दिसत होता तो! काळाभोर, चकचकीत, कडेला हिरवट झाक, कुणाचंही तोंड दिसावं असा. आत्याबाईनं उंबऱ्यावर त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, त्याच्यावरून भाकरतुकड्याऐवजी रोडग्याचा तुकडा ओवाळून टाकला. आईनं तो हातात घेतला. त्या सतरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "भाऊजी, माह्या मायच्या तव्यापेक्षा उजवा आहे हो." आणि काकाजी लहान पोरासारखे लाजले.

चूल पेटलेली होती. कणीक मळलेली होती. बाबा ताट घेऊन पहिल्याच पाटावर बसले होते, पोळी व्हायच्या आधीच. दारात, खिडकीत, अंगणात बाया. आईनं तवा उचलला आणि चुलीवर ठेवायला वाकली. मळी म्हणजे जवळजवळ काचच, हे त्याच पुस्तकात होतं. काच जाळावर ठेवली की काय होतं हे मला कंदिलाच्या काचेवरून माहीत होतं. ती आईच्या तोंडासमोर फुटणार होती.

"आई, नको!"

आवाज कुठून आला हे मलाही कळलं नाही. आई थांबली. सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं की कोण बोललं. मी मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं. मग मला समजलं की आता थांबले तर पुन्हा कधी बोलणार नाही, म्हणून मी थांबलेच नाही.

"ते लोखंड नाही. ती मळी आहे. मळी हलकी असते ती वर तरंगते वरच्या छिद्रातून काढतात लोखंड जड ते तळाशी जमतं खालच्या छिद्रातून काढतात, काकाजींनी एकच पाडलं, शेवटचा परिच्छेद ते ऐकतच नाहीत. तो तवा फुटेल. लोखंड नळावर आहे, बादलीखाली. अन् आधीचा तवा मी फोडला. मी त्याला पाणी पाजलं. काकाजी कुठे जाऊ नका."

 आईनं तवा जमिनीवर ठेवला. काकाजींनी तो उचलला, खिडकीशी नेला, उजेडात धरला. पातळ कडेतून हिरवा उजेड आरपार आला. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "दोन छिद्रं होती काय वं?"

"हौ," मी म्हणाले.

आई उठली. मला वाटलं आता पाठीत धपाटा बसणार. ती माझ्याजवळ आली, माझी हनुवटी वर केली आणि बाबांकडे पाहून म्हणाली, "ऐकलं का? बोलते. माही पोरगी बोलते." आणि तिथेच पदर डोळ्यांना लावून रडायला लागली, हसायलाही लागली. बाबा पाटावरून ओरडले, "बोलली न! मग आता बाजारातून तवा आणू का? रविवार आहे!"

आई म्हणाली, "आणा." आत्याबाईनं ताटातलं उरलेलं कुंकू मला लावलं.

बाबा अनवाणीच निघाले होते, त्यांना चपला नेऊन द्याव्या लागल्या. दुपारी बाराच्या आत पोळ्या झाल्या. बाबांनी किती खाल्ल्या ते मी लिहीत नाही. काकाजींनी ट्रंकेतले सदरे काढून खुंटीला लावले. भाता न्यायला दौलतजी आले तेव्हा मी त्यांना नळाखालचा तो गोळा दाखवला. त्यांनी तो उचलला, वजन पाहिलं, नखानं खरवडला. मग इतक्या दिवसांत आम्ही त्यांचं ऐकलेलं सर्वात मोठं वाक्य ते बोलले, "पोरी, हे तर चांगलं लोखंड आहे." त्यांनी तो लाल करून ठोकला. ठोकता ठोकता निम्मा कचरा होऊन उडाला, आणि उरलं ते तव्यापुरतं काही नव्हतं. त्याचा त्यांनी एक सराटा करून दिला, पोळी उलथायचा. लांब दांड्याचा, जरा वाकडा. तो काकाजींनी समारंभानं आईला दिला आणि आईनं मला.

तो सराटा माझ्या लग्नात माझ्याबरोबर आला. आत्याबाई तेव्हा फार थकली होती, पण वार तिच्या लक्षात होता. माझ्या लग्नाचा मुहूर्त नेमका शनिवारचा. पाठवणीच्या वेळी तिनं माझा कान धरून सांगितलं, "तू जा घरात. सराटा आज नाही. तो उद्या." म्हणून मी माप ओलांडून आत गेले आणि सराटा फडक्यात बांधून बाहेर ओट्यावर राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पाहुणे भरलेले, आणि सासूबाई ते फडकं हातात घेऊन आल्या. "सूनबाई, हे लोखंड बाहेर कोणी ठेवलं? काहून ठेवलं?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी दातखीळ बसायला निघाली होती. तेवढ्यात मी त्या वाकड्या दांड्याकडे पाहिलं आणि मग सांगायला सुरुवात केली: दगडातल्या लोखंडाचं आणि प्राणवायूचं लग्न, अर्धपोटी वायूनं त्याला पळवून नेणं, चुनखडीनं सगळ्यांची घाण अंगावर घेणं, मळी वर का तरंगते, लोखंड तळाशी का बसतं, आणि शेवटचा परिच्छेद पूर्ण का ऐकावा. चहा गार झाला तरी माझं संपेना.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मामंजींकडे वळून म्हणाल्या, "अन् तुम्ही तर सांगितलं होतं, पोरगी बोलत नाही म्हणून!"